पायाळूचा पाय

सातारा
६ जानेवारी

जोती गड्या,

फोन करता आला असता. पण हितं फोन लावला की सगळं घर कान लावून बसतंय, आणि सूनबाई रेश्मा तर स्पीकर चालू करून फोन स्वयंपाकघरात ठेवती. सुनंसमोर कमरंचं रडगाणं गायला बरं वाटत न्हाई. शिवाय फौजेत असताना घरची खुशाली तुझ्याच अक्षरात वाचायची सवय लागली, ती काय सुटली न्हाई. मावशीचा तू, पण मला पाठचा भाऊ न्हवता तो तूच झालास. म्हणून कागद घेतला.

डावी बाजू कामातनं गेली हाय. कमरंत धरतंय, मांडीच्या मागनं उतरतंय आणि नडगीच्या कडंनं पार अंगठ्यापतूर जातंय. तापल्याली तार कुणीतरी आतनं ओढत नेल्यागत. कंपनीच्या गेटवर बसून राहायचं काम माझं, आणि मला बसताच येत न्हाई. दिवसभर उभा. पोरं म्हणत्यात, हवालदारांची परेड अजून सुटली न्हाई.

हितल्या डॉक्टरनं फोटो काढला. गादी सरकल्या, शीर दाबल्या, ऑपरेशन लागंल म्हणला. मी व्हय म्हणून बाहेर आलो. आमच्या पलटणीतल्या मल्हारनं कमरंचं ऑपरेशन करून घेतलं आणि चाकाच्या खुर्चीत बसून गावी गेला. त्याला गाडीत चढवायला मीच हात दिला हुता. मी न्हाई करणार.

तू पायाळू. आईच्या पोटातनं पाय पुढं करून आलास. पलूसच्या आसपास कुणाला उसण भरली की ती माणसं तुझ्या दारात येऊन पालथी पडत्यात. तू पाय लावलास की उठून चालत घरी जात्यात. मग मला कवा लावणार? शीर दाबल्या म्हणजे काय, तिथं रगात अडकलंय. तुझ्या पायानं मोकळं हुईल. ये एवढा.

आकाराम


पलूस
११ जानेवारी

आकारामदादांना जोतीरामचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा रानात ऊसतोड चालू होती. बांधावर बसूनच वाचलं.

लोकांना मी पाय लावतो हे खरं. दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं? देवाचं नाव घेतो, पाऊल टेकवतो, हात जोडतो. त्यांना बरं वाटतं ते माझ्या पायानं, की उसणच ती, दोन दिवसांनी आपोआप जाते, ह्याचा छडा मी कधी लावला नाही. लावावा असं वाटलंही नाही. पण ती सगळी पाठीतली चमक. तुमचं दुखणं अंगठ्यापर्यंत उतरतंय. असं दुखणं घेऊन माझ्याकडे कुणी आलेलं नाही.

क्रांती संक्रांतीसाठी सांगलीहून आली आहे. फिजिओथेरपीचं तिसरं वर्ष. मी तिला विचारलं, शीर दबली म्हणजे रक्त अडतं ना? ती म्हणाली, बाबा, आपण रक्ताच्या नळीलाही शीर म्हणतो आणि ह्यालाही शीरच म्हणतो, तिथंच घोटाळा होतो. ह्या शिरेतून रक्त जात नाही, निरोप जातात.

मग तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. पाठीच्या कण्यात मधोमध एक जाड दोर आहे. दोन मणक्यांच्या फटीतून दोन्ही अंगांना त्याची एकेक शीर बाहेर पडते. मानेपासून माकडहाडापर्यंत अशा एकतीस जोड्या. प्रत्येक शिरेला दोन मुळं. मागचं मूळ अंगाची बातमी आत नेतं. गरम लागलं, टोचलं, दुखलं ही ती बातमी. पुढचं मूळ आतला हुकूम बाहेर आणतं, उचल, ढकल, थांब असा. फटीपाशी दोन्ही एकत्र वळली जातात, दोन पदरी दोरीसारखी. गादी सरकून दाबायला लागली की ती पदर निवडून दाबत नाही.

तिनं मला खाटेवर बसवलं आणि माझ्याच पायावर बॉलपेननं रेघा ओढल्या. जमिनीचे गट पाडावेत तशी कातडी ह्या शिरांना वाटून दिलेली आहे म्हणे. नडगीच्या बाहेरून पावलावरून अंगठ्यापर्यंतचा पट्टा एका शिरेचा. करंगळी आणि तळव्याची कड तिच्या खालच्या शिरेची. तुमचं पत्र तिनं वाचलं नव्हतं. कमरेतलं दुखणं अंगठ्यात उतरतं एवढंच मी बोललो, तर तिनं तुम्ही लिहिलेला सगळा रस्ता बोटानं दाखवला. अंघोळीला शाई गेली नाही. संध्याकाळी देवळात गेलो तर आप्पासो गुरव म्हणाला, जोतीबा, पायाची सरकारी मोजणी आली काय?

ऑपरेशनच करा असं तिचं म्हणणं नाही. पुष्कळांचं विश्रांतीनं आणि व्यायामानं जातं. पण डॉक्टरांकडे जाणं सोडू नका. तुम्ही बोलावलंत आणि मी आलो नाही असं आजवर झालेलं नाही. येतो. पाय लावायचा की नाही ते आल्यावर बघू.

जोतीराम


सातारा
२४ जानेवारी

जोती,

मी कुणाला सांगू आणि किती सांगू असं झालंय. तू नको नको म्हणत हुतास. तुझ्या वहिनीनं हात जोडलं तवा कुठं तयार झालास. अंगणात घोंगडं टाकून पालथा पडलो, आणि तू पाऊल टेकवलंस ते तरी कसं, लोण्यावर ठेवल्यागत. वर थोरल्या भावाला पाय लावला म्हणून वाकलास आणि माझ्या पावलांवर हात ठेवून किती येळ बसलास. ही म्हणती, भाऊजी रडत हुते.

तू रविवारी गेलास. मंगळवारी सकाळी उठलो तर तार न्हाई. नांगरून टाकल्यागत गेली. चालतो, बसतो, जिना चढतो. डॉक्टरनं दिल्याली तारीख हुती, गेलोच न्हाई. गेटवरच्या पोरांना सांगितलं, आमच्या घरात डॉक्टर हाय, बिनफीचा. आता दोघंतिघं तुझा पत्ता मागत्यात.

बाकी बारीकसारीक चालायचंच. डाव्या पायातली चप्पल मागंच राहती. चार पावलं गेलो की रेश्मा हाक मारती, मामा, चप्पल. पोरं हसत्यात. परवा पाय शेकायला बादलीत घातला, तर ही वरडली, आवं, उकळतं पाणी हाय. मला काय वाटलं न्हाई. म्हटलं फौजी कातडं हाय ते. लघवीला उभं राहिलं की जरा वाट बघावी लागती, पण वय बी झालंच की. आणि खुर्चीत बसलो की खाली कुणी उशी ठेवल्यागत मऊ लागतंय. आधी बसताच येत न्हवतं, आता उशी. अजून काय पायजे?

परवा झेंडावंदनाला पुढं उभा राहणार हाय.

आकाराम


पलूस
२७ जानेवारी

दादा,

काल तुमचं पत्र क्रांतीला फोनवर वाचून दाखवलं. मी आनंदानं वाचत होतो. चपलेचं आलं तेव्हा तिनं परत वाचायला सांगितलं. गरम पाण्याचं वाचलं तेव्हा म्हणाली, अजून काय लिहिलंय. लघवीचं आणि उशीचं वाचून झाल्यावर तिनं विचारलं, हे कधीपासून. मग म्हणाली, "बाबा, काकांचं दुखणं बरं झालेलं नाही. बातमी यायची बंद झालीय."

तिनं तुम्हाला फोन केला, मी केला. तुम्ही हसलात, काय डॉक्टरीणबाई म्हणालात आणि ठेवून दिलात. त्यानंतर उचलला नाहीत. वहिनींनी उचलला तर म्हणाल्या, मागं उभे आहेत, बोलू देत नाहीत. म्हणून हे लिहून आत्ताच स्पीडपोस्टानं टाकतोय. कालपासून मी एका जागी बसू शकत नाही. रानात जातो, परत येतो, कशाला गेलो होतो ते आठवत नाही. देवापुढं बसलो तर माझंच पाऊल डोळ्यांसमोर येतं.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. कण्यातला तो जाड दोर शेवटपर्यंत जात नाही. कमरेच्या वरच संपतो. तिथून खालच्या शिरा सुट्या लोंबतात, त्या झुपक्याला डॉक्टर घोड्याची शेपूट म्हणतात. पायांच्या, बैठकीच्या, लघवीच्या, सगळ्या शिरा त्यात आहेत. गादी मधोमध सरकली तर ती एक शीर दाबत नाही, अख्खी शेपूट दाबते. तसं झालं तर एक दिवसही दम धरायचा नसतो. उशीर झाला तर लघवी कायमची हातातून जाते, पाय जातो. हे वाचल्या वाचल्या दवाखान्यात जा, नाहीतर मीच तिथं येतो. मल्हारला तेच झालं होतं की काय, कोण जाणे. ऑपरेशनच्या आधी तो किती दिवस गप्प बसला होता, हे तुम्ही कधी लिहिलं नाहीत.

तुम्ही खेचरांच्या तुकडीत होता. वरच्या ठाण्यावरून तुम्ही लिहिलं होतं ते मला अजून आठवतं. एका खेचराच्या पाठीवर माशी बसली तरी ते कातडी थरथरवेना. सगळे म्हणाले, शांत झालं जनावर. तुम्ही मात्र तिथल्या तिथं त्याचं ओझं उतरवलंत आणि साहेबाची बोलणी खाल्लीत. त्या खेचराचं तुम्हाला कळलं होतं, दादा.

एक विचारतो, रागावू नका. खोगिरावर बसलं की अंगाचा जेवढा भाग टेकतो, तेवढ्या जागेला हात लावला तर कळतो का?

जोतीराम


सातारा
२९ जानेवारी

जोतीराम,

तुझं पत्र मिळालं. थोरल्या भावाला खेचराच्या रांगंत बसवलंस, बरं केलंस.

तुझ्या पायात देवानं ठेवलंय. साऱ्या गावाला ते ठाऊक हाय, एक तुलाच न्हाई. ज्यानं बरं केलं तोच म्हणतोय बरं झालं न्हाई. मग मी कुणाचं ऐकू? पोरीनं चार पुस्तकं वाचली म्हणून ती माझ्या अंगात काय चाललंय ते मला सांगणार, ते बी सांगलीत बसून? दुखत हुतं तवा तुमी म्हणला डॉक्टरकडं जा. आता दुखत न्हाई तरी म्हणताय जा. दुखलं तरी वाईट, न्हाई दुखलं तरी वाईट.

झेंड्याला सलामी दिली. पाय जरासा अडखळला, तसा कुणाचा बी अडखळतोय.

आणि जागंचं इच्यारलंस. असलं भाऊ भावाला इच्यारत न्हाई.

यायची गरज न्हाई. पत्र बी घालू नगंस.

आकाराम


सातारा
३ मार्च

जोती,

पत्र घालू नगंस म्हणालो हुतो, आणि आता मीच घालतोय. सांगलीहून घरी येऊन आठवडा झाला. पाठीवर पडून लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

माझ्या त्या पत्राला तू उत्तर पाठवलं न्हाईस. दारातच येऊन उभा राहिलास, संगं क्रांती. मी म्हटलं, बोलावलं न्हवतं. तू म्हणालास, तुम्ही जागेचं उत्तर दिलं नाहीत म्हणून आलो. मी काय काय बोललो ते आता आठवलं तरी कानाला खडा लावावा वाटतोय. तुला भोंदू म्हणालो. तू उंबऱ्यात उभा राहून ऐकून घेत हुतास. चहाचा कप बी तसाच निवत हुता.

पोरगी मात्र वस्ताद हाय. ती वाद घालतच न्हवती. काका, डोळं मिटा, एवढी एक काडी लावते पायाला, कळलं की व्हय म्हणा, न्हाई कळलं तर मी चहा पिऊन जाते. म्हटलं घाल काडी. उजव्या पायाला लावली, मी व्हय म्हणालो. परत लावली, व्हय. मग वाट बघत बसलो. लय येळ झाला. मी म्हणालो, "टोच की पोरी, कशाची वाट बघतीस?"

मी डोळं उघडलं. तिच्या हातात काडी डाव्या अंगठ्यावर रुतल्याली. अंगठ्याला खड्डा पडला हुता. रेश्मानं तोंडावर पदर घेतल्याला.

पायात काय घालायचं सुचलं न्हाई, तसाच गाडीत बसलो. क्रांतीनं वाटंतच तिच्या कॉलेजच्या दवाखान्यातल्या सर्जन सरांना फोन लावून ठेवला. सांगलीला गेल्या गेल्या ऑपरेशनला आत घेतलं. गादीचा तुकडा तुटून मधोमध बसला हुता म्हणं. सर म्हणाले, अजून उशीर केला असता तर जन्मभर पिशवी लावून फिरावं लागलं असतं. मल्हारचं बी त्यांना इच्यारलं. ते म्हणाले, तुमच्या मित्राचं मला सांगता येणार न्हाई, पण उशिरा येणारे लय बघितलेत.

लघवी आता कळती. नळी काढल्यावर पहिल्यांदा आपली आपण झाली तवा मी नर्सबाईला सांगितलं, तिनं वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या खाटंकडं गेली. तिला रोजचंच. मी तिथं भिंतीला धरून उभा. बसायची जागा अजून अर्धीच माझी हाय, पण येतीया माघारी.

पाय मात्र येत न्हाई. पाऊल वर उचलत न्हाई, लोंबतंय. प्लॅस्टिकचा साचा दिलाय, तो बुटात घालून चालायचं. क्रांती म्हणती, अंगठा मनानं उचला, जरा थरकतो. मला तर दिसत न्हाई.

आता एक ऐक. दवाखान्यात तू माझ्या उशाशी बसून सारखा एकच इच्यारायचास, माझ्या पायानं झालं का हे. सरांना इच्यारलंस, क्रांतीला इच्यारलंस. ती न्हाई म्हणाली तरी तुझं समाधान हुईना. तर ऐक. त्या रविवारी पाय लावून झाल्यावर तू माझ्या पावलांवर हात ठेवून बसलास न्हवं? उजव्या पायावरचा तुझा हात मला कळत हुता. डाव्यावरचा कळत न्हवता. मी मान वळवून बघितलं, दोन्ही पायांवर दोन हात हुते. आदल्या दिवशी अंघोळीला बी साबण लागलेला कळला न्हवता. तू यायच्या आधीच ते सुरू झालं हुतं, जोती. मी बोललो न्हाई. बोललो असतो तर तुम्ही उचलून दवाखान्यात नेलं असतं, आणि मला मल्हारची खुर्ची दिसत हुती. चेष्टा करून लिहिलं तुला सगळं, चपलेचं, पाण्याचं. वाटलं, तू बी हसलास म्हणजे ते हसण्यावारीच जाईल.

आता मागणं हाय. हसू नगंस. ऑपरेशन झालं, टाके सुकले, सरांचं काम संपलं. आता तरी एकदा पाय लाव. माझा इश्वास तिथंच हाय, मी काय करू?

आकाराम


पलूस
८ मार्च

दादा,

तुमचं पत्र हातात घेऊन दोन दिवस नुसताच फिरलो. डाव्यावरचा हात कळत न्हवता, एवढंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचतो. मी तेव्हा डोळे मिटून देवाला सांगत होतो, दादांना बरं कर. आणि माझ्याच हाताखाली ते पाऊल मुकं झालेलं होतं. मला कळायला हवं होतं असं वाटतं. क्रांती म्हणते, दुसऱ्याच्या शिरेतली बातमी आपल्या हाताला कशी कळणार, ज्याची त्यानं सांगावी लागते. तिचं बरोबर आहे. तुम्ही नीट सांगितलं नाहीत आणि मी नीट विचारलं नाही. पाय लावून मोकळा झालो. माझ्या पायानं तुमचं काही झालं नाही ह्यावर आता मी विश्वास ठेवतो. माझ्या पायामुळं तुम्ही ती तारीख चुकवलीत, हे मात्र तुमच्या पत्रानं जात नाही. ते राहू द्या.

माणसं येतात अजून. परवा एक बाई कमरेला हात लावून आली. तिला आधी टाचांवर चालायला सांगितलं, मग चवड्यांवर. ती हसायला लागली, म्हणाली, लेझीम घेता काय. चालली ती नीट. मग लावला पाय, गेली. काल चोपड्याच्या मळ्यातला आकडी मिशांचा एक म्हातारा आला. त्याला टाचांवर उभंच राहता येईना, डावं पाऊल खाली पडायचं. मी पाय उचलला नाही. त्याला एसटीत घालून सांगलीला नेलं. वाटेत सगळ्या गाडीसमोर मला शिव्या देत होता, हा पायाळू पायाचा कंजूस आहे म्हणून.

तुमच्या मागणीचं क्रांतीला सांगितलं. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, लावा की बाबा, पण पाठीला नाही. दबलेली शीर मोकळी झाली तरी तिचा पुढचा धागा परत वाढावा लागतो, आणि तो वाढतो आठवड्याला तांदळाच्या दाण्याएवढा. वाढेलच असं नाही. कमरेपासून पावलापर्यंत किती दाणे लागतील ते तुम्हीच बघा. तोवर पावलाला हुकूम सोडत राहायचं, पोहोचो न पोहोचो. अंगठा थरकतो हे तिनं डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणजे एखादा हुकूम पोहोचतोय.

म्हणून रविवारी पहिल्या गाडीनं येतो. घोंगडं काढू नका, पालथं पडायचं नाही. तुम्ही खुर्चीत बसा, साचा काढून ठेवा. मी समोर बसतो. माझा पाय तुमच्या डाव्या पावलावर ठेवतो, आधी नुसता टेकवून, भार न देता. तो तुम्ही वर लोटायचा. तुम्हाला पाय लावल्याबद्दल मी आधीच तुमच्या पाया पडून घेतो, मधे उठायला नको.

पहिल्या दिवशी हलणार नाही, दादा. दुसऱ्या रविवारीही नाही. मी येत राहीन. तुम्ही लोटून टाकेपर्यंत माझा पाय मी काढणार नाही.

जोतीराम